बिनदाराचं घर

सिग्नलला बस थांबली, ताईनं सहज मान वर केली, तर समोर ती स्वतःच बसलेली. पेट्रोल पंपाच्या डोक्यावर, दोन मजली घराएवढी. पलंगाच्या कडेला हात टेकून, मान किंचित कलती करून अशी हसत होती, की सगळा चौक जणू तिच्या माहेरचा. शेजारी जाडजूड अक्षरांत लिहिलं होतं, ‘जे दिसतं, तेच मिळतं. ताई आहेत, मग विचारायचं काय!’ फोटो काढला होता हे तिला माहीत होतं, कुठंतरी लागणार हेही माहीत होतं. पण कुठंतरी म्हणजे ऑफिसच्या भिंतीवर, फार तर माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर, असं तिनं धरलं होतं. एवढं मोठं तोंड घेऊन आपण भर चौकात बसू आणि खालून माणसं पेट्रोल भरून जातील, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. पहिल्यांदा तिला लाजल्यासारखं झालं, मग चक्क बरं वाटलं, आणि मग हनुवटीकडे लक्ष गेलं. हनुवटीवर तीळ नव्हता. तिनं नकळत बोट लावून पाहिलं. तीळ जागेवर होता. आईकडून आलेला, चांगला ठसठशीत. शाळेत असताना तो खरवडून काढायचे उद्योग करून झाले होते, आणि आई गेल्यावर कधीकधी कामात असतानाही तिचं बोट तिथं जाऊन थांबायचं. वर तिथं नुसती गुळगुळीत कातडी होती, पुट्टी भरून घासलेल्या भिंतीसारखी. शेजारच्या सीटवरची बाई एकदा वर आणि एकदा ताईकडे बघत होती. शेवटी तिला राहवेना. “तुमची बहीण का हो ती?” ताई म्हणाली, “का?” “नाही, तोंडवळा अगदी तुमचाच. पण त्या जरा...” बाई अडखळली. “जरा काय?” “जरा लहान वाटतात.” “हो,” ताई म्हणाली, “धाकटी आहे.” बस सुटली, आणि ताईच्या लक्षात आलं की कित्येक वर्षांत आपण एवढं सरळ खोटं बोललो नव्हतो. तेही बसमध्ये, अनोळखी बाईशी, काही कारण नसताना.

कारण ताई खोटं बोलत नसे. तेच तिचं भांडवल होतं, आणि खरं सांगायचं तर तोच तिचा तोरा. घरं विकायच्या या धंद्यात कुणी स्टेशन पाच मिनिटांवर आणून ठेवायचं, कुणी न खणलेल्या तलावात बदकं सोडायचं. ताई गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, स्टेशनला चालत निघालात तर घाम येईल, रिक्षा करा. मागच्या बाजूला नाला आहे, उन्हाळ्यात वास मारतो. लिफ्ट दोन म्हणताहेत, पण सुरुवातीला एकच चालेल. लोक चमकायचे, हसायचे, आणि तिच्याकडूनच घर घ्यायचे. बांधकाम कंपनीचे मोठे साहेब म्हणायचे, ताई गिऱ्हाइकाला पळवून लावते आणि ते फिरून तिच्याच दारात येतं. तिचा नियम सोपा होता, विचारलं की खरं सांगायचं. आणि नाही विचारलं तर? न विचारलेलं सांगत सुटायला ती काय रेडिओ होती? या नियमावर ती इतकी वर्षं गाढ झोपत आली होती. आज बसच्या खिडकीत बसून तिनं तो नियम पुन्हा एकदा मनात घोळवून पाहिला, तर तो घशात अडकला. राग तिळाचा नाही, असं ती स्वतःला बजावत होती. एडिटिंगवाल्या पोरांना सवयच असते, दिसला डाग की पूस. पण त्या बिनतिळाच्या तोंडानं वर बसून ती काय बोलत होती? ते वाक्य तिचं नव्हतं. जन्मात तिनं असं वाक्य उच्चारलं नव्हतं. आणि ती कुठल्या पलंगावर बसून ते बोलत होती, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

तो पलंग तिनंच पसंत केला होता. कंपनी इमारत उभी राहायच्या आधी साइटवरच एक नमुन्याचा फ्लॅट उभारते, लोकांना घर कसं दिसेल ते कळावं म्हणून. त्यातलं सामान बाजारातून आणत नाहीत, मापं देऊन मुद्दाम लहान करवून घेतात, म्हणजे खोल्या मोठ्या दिसतात. पलंग लांबीला वीतभर कमी आणि रुंदीला त्याहून कमी. कपाट इतकं उथळ की आत हँगर सरळ बसत नाही, म्हणून दोनच सदरे तिरके करून अडकवलेले. जेवणाच्या टेबलाभोवती चार खुर्च्या, पण चार मोठी माणसं एकदम बसली तर कोपराला कोपर लागून भांडण व्हावं. खिडकीबाहेर मागून दिवा लावलेला झाडांचा फोटो. आत गारवा, नव्या लाकडाचा आणि गोंदाचा वास, आणि पाय टाकला की आपण जरा मोठे झाल्यासारखं वाटायचं. आणि दारं नाहीत. चौकटी आहेत, छान पॉलिश केलेल्या, पण दार एकाही खोलीला नाही, कारण दार उघडायला लागलं की जागा खातं. ताईला पलंगापेक्षा या दारांचंच जास्त नवल वाटायचं. माणसं सहकुटुंब येत, या खोलीतून त्या खोलीत वाऱ्यासारखी फिरत, म्हणत, “किती मोकळं आहे, नाही?” शिकलेली, हिशेबी, भाजी घेताना दहादा उलटीपालटी करून बघणारी माणसं. त्यांतल्या एकालाही कधी सुचलं नाही, की निदान मोरीला तरी दार लागेल. पलंगावर कुणी आडवं होऊन पाहत नसे. दुसऱ्याच्या अंथरुणावर कसं आडवं व्हायचं! कडेला टेकायचे, गादीवर हात दाबायचे, पुरे. पूर्वी एक म्हातारे गृहस्थ मात्र सरळ चपला काढून आडवे झाले होते. त्यांच्या टाचा बाहेर लटकल्या. ‘हे काय?’ म्हणून त्यांनी ताईकडे पाहिलं, ताई म्हणाली, “हो, लहान आहे. मुद्दाम केलाय.” ते उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. त्या दिवशी घरी जाताना ताईला अभिमानच वाटला होता. विचारलं, आणि आपण सांगितलं.

हा नियम तिला शिकवला कुणी, याचा ताईनं कधी शोध घेतला नव्हता. बस वळणावर कलली तशी डाव्या खांद्यावरची पर्स घसरली, आणि तिला एकदम बेबी आठवली. बेबी म्हणजे तिची नणंद. केसांत पांढरं आलं, नवरा जाऊन वर्षं झाली, तरी घरात ती अजून बेबीच. ताईच्या नवऱ्याची नोकरी सुटली होती, आणि ताईनं आयुष्यात पहिल्यांदा मुलाखतीला जायचं ठरवलं होतं. अंगावर धड काही नव्हतं. बेबी तेव्हा नुकतीच कटिंग शिकलेली, तिनं भावाच्या जुन्या कोटाचं कापड उसवून वहिनीसाठी जाकीट शिवलं. गळ्यात टेप टाकून ती ताईभोवती फिरत होती आणि तोंडात टाचण्या धरूनच बोलत होती. “वहिनी, तुझा डावा खांदा उतरलाय गं. शाळेचं दप्तर एकाच खांद्यावर न्यायचीस का?” “मग आता?” “आता काय, आतून पॅड घालते. दोन्ही सारखे दिसतील.” “म्हणजे खोटंच की!” त्यावर बेबी हसली, टाचणी गिळते की काय असं वाटलं. “खोटं कसलं? तुझा खांदा मी कुठं बदललाय? नुसता सावरलाय. कुणी विचारलंच तर सांग, पॅड आहे म्हणून.” कुणी विचारलं नाही. मोठ्या साहेबांनी नोकरी दिली. पुढं कितीतरी वर्षं नमुन्याच्या फ्लॅटमध्ये उभी राहून ताईनं हेच तर केलं होतं, घर नुसतं सावरलं होतं. पण आता, उतरायला म्हणून बसच्या दांड्याला धरून उभी राहता राहता, तिला एक साधी गोष्ट लख्ख दिसली आणि इतके दिवस ती दिसली कशी नाही म्हणून तिला स्वतःचीच चीड आली. जाकीट घालणाऱ्या बाईला पॅड ठाऊक होतं. ते तिच्याचसाठी होतं, तिच्याच खांद्यावर होतं. इथं पॅड दुसऱ्याच्या घरात होतं, आणि त्यात राहायला जाणाऱ्याला सोडून बाकी सगळ्यांना त्याचा पत्ता होता.

उतरता उतरता फोन वाजला. नवरा. आवाज लग्नघरातल्यासारखा. “अगं, बघितलंस का? मी बेबीला मुद्दाम त्या चौकातून आणतोय. तिला खाली उभी करून फोटो काढला, सगळ्यांना पाठवला!” ताई म्हणाली, “आणतोय म्हणजे? कुठं?” “कुठं म्हणजे? तुझ्याकडे! तिनं ठरवलंय. दोन खोल्यांचा घेणार, आजच सही करणार.” “अहो, तिनं अजून आतून बघितलंय कुठं?” “तू आहेस ना. ती काय म्हणाली माहितेय? वहिनी असताना विचारायचं काय!” आणि तो बोर्डावरचं वाक्य आपल्या बहिणीच्या तोंडून आलं म्हणून खो खो हसला. ताईनं फोन पर्समध्ये टाकला. बेबीचं जुनं घर विकून झालं होतं, महिनाअखेरीला ते रिकामं करायचं होतं. तिचं पोट होतं ते कटिंगच्या टेबलावर, आणि ते टेबल म्हणजे एक माणूस पाय पसरून आडवा झोपेल एवढं. धाकट्या खोलीत टेबल, मोठ्या खोलीत आपण, असा तिचा बेत होता. नमुन्याच्या फ्लॅटमधली धाकटी खोली बघून कुणीही म्हणेल, मावेल की! आणि बेबी विचारणार नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतलेली बाई या खोलीला टेप लावणार नव्हती, कारण खोलीत वहिनी उभी होती. परकी माणसं निदान शंका घेतात. जो खरंच विश्वास टाकतो, तो विचारत नाही. मग ताईच्या त्या नियमाचं काय राहिलं? तिचं सगळं खरेपण समोरच्याच्या प्रश्नावर उभं होतं, आणि बोर्डानं नेमका प्रश्नच पुसून टाकला होता. साइटच्या फाटकाशी रविवारची गर्दी होती. माणसं तिच्याकडे बघून एकमेकांना कोपरं मारत होती, “त्याच, त्याच.” एकीनं तर मुलाला पुढं ढकललं, जणू हिच्या पाया पडायचं होतं.

धाकटे साहेब केबिनमध्ये खुशीत होते. मोठ्या साहेबांचा मुलगा, वयानं तिच्या मुलासारखा, हुशार, कधी आवाज चढवत नसे. “या, या, स्टार आल्या! ताई, सकाळपासून फोन खाली ठेवता येत नाहीये.” ताई बसली नाही. “माझा तीळ कुठं गेला?” ते गोंधळले, मग हसले. “अहो, ते एडिटिंगवाले सगळ्यांचेच काढतात. मी सांगतो, परत लावतील.” “लावायलाच लागेल. आणि पलंग बदला.” “कुठला पलंग?” “मी बसलेय तो. खऱ्या मापाचा आणा. कपाट पण. आणि दारं लावा.” धाकट्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. “ताई, तुम्हाला माहितेय, खऱ्या मापाचा बेड टाकला तर त्या खोलीत चालायला जागा राहत नाही.” “तेच म्हणतेय मी.” “सगळ्या कंपन्या असंच करतात. आपण नकाशात खरी मापं छापतोच की. वाचायचं त्यांनी.” “वाचलं असतं. तुम्ही माझं तोंड वर टांगून सांगितलंत, वाचू नका.” ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “तुम्ही फोटोला सही दिलीय.” “फोटोला दिली. त्या वाक्याला नाही.” “तुमची थोडीच वर्षं राहिलीत. छान, मानानं जाल. कशाला डोक्यात राख घालून घेता?” हे त्यांनी धमकीसारखं म्हटलं नाही, काळजीनं म्हटलं, आणि म्हणूनच ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं तिला वाटत होतं की कंपनी तिचा खरेपणा पोसते आहे. कंपनीनं तो पोसला नव्हता, नुसता साठवला होता, आणि आता एकदम बाजारात काढला होता. “बोर्ड उतरवा,” ती म्हणाली. “बोर्ड महिनाभर राहणार.” “बरं,” ताई म्हणाली, आणि निघाली. तिच्या त्या ‘बरं’ची घरातल्या लोकांना धास्ती होती. धाकट्या साहेबांना ते माहीत नव्हतं.

नमुन्याच्या फ्लॅटमध्ये बेबी आधीच पोचली होती. नवरा मागं हात बांधून, घर स्वतःच बांधल्यासारखा उभा होता, आणि बेबी धाकट्या खोलीच्या मधोमध, हात पसरून, लहान मुलीसारखी गोल फिरत होती. “वहिनी, किती उजेड आहे गं! टेबल इथं लावीन. या खिडकीशी. मशीन तिकडं. मला इतकी मोठी खोली कधी मिळालीच नाही.” खिडकीतला उजेड दिव्याचा होता, हेही ताईला सांगावं लागणार होतं. बेबीच्या चेहऱ्यावरचा तो आनंद बघून क्षणभर तिचा धीर सुटला. गप्प बसावं. सही करू दे. इमारत उभी राहायला अवकाश आहे, तोवर ही सुखात राहील, आणि पुढं कळलं तरी वहिनीला थोडंच काही म्हणणार? उलट स्वतःलाच दोष देईल, माझंच टेबल मोठं म्हणून. त्या विचारानं ताईला आतून असं काही कापल्यासारखं झालं, की ती बेबीसमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं हात पुढं केला. “तुझा खडू आहे का पर्समध्ये? दे.” “कशाला?” “दे म्हटलं ना.” शिंप्याचा तो निळा, चपटा खडू. ताईनं पदर खोचला, चौकटीशी गुडघ्यांवर बसली आणि चकचकीत फरशीवर एक मोठी गोल रेघ ओढली, चौकटीच्या एका कडेपासून खोलीच्या आत थेट भिंतीपर्यंत. “हे दार. आत उघडतं. इथून इथपर्यंतची जागा त्याची, तुझी नाही.” मग तिनं वितीनं मोजत टेबल आखलं, खिडकीपासून निघून ती रेघ दाराच्या रेघेत घुसली आणि पलीकडे आली. मग मशीन. मग बेबीची खुर्ची, पण खुर्चीला जागा उरली नाही, म्हणून खडू हवेतच थांबला. “आणि तो उजेड दिव्याचा आहे. समोर दुसरी इमारत येणारेय.”

नवरा म्हणाला, “अगं, डोकं फिरलंय का तुझं?” बेबी फरशीवरच्या रेघांकडे बघत होती, कापडावर चुकलेली कात्री बघावी तशी. मग ती हलकेच म्हणाली, “टेबल कापून लहान केलं तर?” “तर तुझं काम लहान होईल.” “आणि दारच काढून टाकलं तर?” “काढ. पण ते तू ठरवलंस म्हणून, त्यांनी दारच दाखवलं नाही म्हणून नाही.” बेबी मोठ्या खोलीत जाऊन त्या पलंगाच्या कडेला बसली, बोर्डावर ताई बसली होती अगदी तिथंच. तिचे डोळे भरून आले होते. “मला आवडलं होतं हे घर, वहिनी. आज तरी सांगायला नको होतंस. घरी सांगितलं असतंस.” “घरी जाईपर्यंत तुझी सही होऊन गेली असती.” “आणि हे कधीपासून असं आहे?” “पहिल्यापासून.” “तुला माहीत होतं?” “मीच मापं पसंत केली.” बेबीनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, पण रागापेक्षा ओळख नसल्यासारखं काही होतं, आणि ते ताईला सोसवेना, तरी तिनं मान खाली घातली नाही. “चार दिवस माझ्याशी बोलू नकोस,” बेबी म्हणाली. “नाही बोलत.” बेबी उठली. ताईनं खडू तिच्यापुढं धरला. बेबीनं तो घेतला नाही. “ठेव,” ती नाक पुसत म्हणाली. “बाहेर पुष्कळ माणसं उभी आहेत.” आणि धाकट्या खोलीत जाऊन, भावाला हाताला धरून, फरशीवरची दाराची रेघ ओलांडताना उगाचच थोडी वळून, ती बाहेर पडली.

तोवर कुणीतरी जाऊन सांगितलं असावं. धाकटे साहेब आले, चौकटीत थांबले, आणि फरशी बघून त्यांचा चेहरा उतरला. ताई तेव्हा मोठ्या खोलीत खऱ्या मापाचा पलंग आखत होती. त्या लहानग्या पलंगाच्या चारी बाजूंनी निळी रेघ फिरली होती आणि कपाटाला जाऊन भिडली होती. “ताई, हे पुसा.” “नाही.” “मी सफाईच्या बायकांना बोलावून पुसून घेईन.” “घ्या. मी परत काढीन. पुष्कळ आहे खडू.” “तुम्ही उद्यापासून येऊ नका.” हे वाक्य ताईनं मनात इतक्यांदा ऐकून ठेवलं होतं, की प्रत्यक्ष ऐकताना तिला त्याची भीती कुठं गेली तेच कळेना. ती उठली, गुडघे झटकले. “नाही यायची. पण लोक येतील. महिनाभर मी त्या चौकात बसलेय, साहेब. ते मलाच शोधत येतील. काय सांगाल त्यांना, ताई कुठं गेल्या म्हणून?” बाहेर रांगेतली माणसं आत डोकावू लागली होती. “आणि उद्याचं उद्या,” ताई म्हणाली, “आज रविवार आहे, आज मी कामावर आहे.” ती त्यांच्या शेजारून पुढं झाली आणि पुढच्या कुटुंबाला आत बोलावलं. नवरा, बायको, सासू, कडेवर मूल. सासूनं तिला ओळखलं आणि ती तोंडभर हसली. “बोर्डावरच्या ना तुम्ही? मग आम्हाला काय विचारायचंय!” “विचारायचंय,” ताई म्हणाली. “सगळं विचारायचं. या, इथं या, रेघेच्या आत उभे राहा.” ती माणसं बावचळून धाकट्या खोलीत दाटीनं उभी राहिली. ताई चौकटीबाहेर गेली. तिथं नसलेल्या कडीला तिनं हात घातला आणि ते नसलेलं दार जोरात आत ढकललं. सासूनं दचकून पाय मागं घेतला, सून मुलाला घेऊन कोपऱ्यात सरली, आणि नवऱ्याची पाठ भिंतीला जाऊन टेकली.

“आता सांगा,” ताई म्हणाली, “पलंग कुठं टाकणार?”